शेवटच्या डब्यातलं माणूस

अमेरिकेची मालगाडी आमच्या घरात शिरली ती फाल्गुनात, ह्यांच्या मोबाइलमधून. चैत्र अर्धा सरला तरी ती निघायचं नाव घेईना.

हे म्हणजे माझे मिस्टर. आमच्या गावात, वैशाखऱ्यात, सगळे ह्यांना देवराम गार्ड म्हणतात. उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून कल्याण ते इगतपुरी आणि इगतपुरी ते कल्याण केलं, आणि मागच्या दिवाळीत निवृत्त झाले. रेल्वे आता त्या कामाला ट्रेन मॅनेजर म्हणते. आमच्या गावाला ते काही पटलं नाही. मॅनेजर म्हणजे पंख्याखाली बसलेला. गार्ड म्हटलं की कळतं, कोणीतरी उन्हात झेंडा घेऊन उभं आहे.

निवृत्त माणूस घरी बसतो असं म्हणतात. हे बसलेच नाहीत. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. दुपारी अंग टाकलं की पाच मिनिटांत दचकून उठायचे.

"काय झालं?" मी विचारायची.

"कायतरी थांबल्यासारखं वाटलं."

"तुमीच थांबलाय. दुसरं काय थांबणार?"

आमच्या मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. लाइन येणार, येणार, असं माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकते आहे. दगड रोवून जातात, मोजून जातात, पेपरात फोटो येतो. जिथं रूळ नाहीत अशा गावात ह्या माणसाला रुळांवाचून करमत नव्हतं. मग कोणीतरी मोबाइलवर मालगाड्यांचे व्हिडिओ लावून दिले, आणि त्यातून ती कंपनी निघाली. अमेरिकेतली मोठी, फक्त मालाची. एक हिंदी बोलणारा पोरगा तिचा सगळा इतिहास तुकड्यातुकड्यानं सांगायचा, आणि हे जेवताना तो मला सांगायचे. एखाद्या घरात पोथी लागते तशी आमच्याकडे ती लागली.

सुरुवात मला खरोखर आवडली होती. ऑरोरा म्हणून एक गाव. शिकागोहून निघालेली मोठी लाइन ह्या गावाला बगल देऊन दुसरीकडूनच गेली.

"म्हणजे आपलं मुरबाड," मी म्हणाले.

"मुरबाडच. पण ते लोक दगड मोजत नाय बसले. गावातल्यांनीच कंपनी काढली. बारा मैलांची लाइन टाकली आणि नेऊन जोडली त्या मोठ्या लाइनीला. रूळ कसले, लाकडाच्या तुळया आणि वरून लोखंडाची पट्टी ठोकलेली. ती पण जुनी, दुसऱ्यांनी टाकलेली. इंजिन भाड्यानं आणलं, डबे भाड्यानं."

"आणि चालली?"

"चालली? अगो, त्या बारा मैलांची आज अमेरिका भरून कंपनी झाली! शेकडो लाइनी गिळल्या तिनं. जिच्या रुळांवर उसन्या इंजिनानं गाडी नेली, तसल्या किती कंपन्या आल्या आणि गेल्या. ही राहिली."

मला ते उसनं इंजिन फार भावलं. आम्ही नवीन संसार मांडला तेव्हा पातेलंसुद्धा शेजारचं होतं. पुढचे पंधरा दिवस मी भाकऱ्या थापताना मिसिसिपीवरचे पूल, बर्फात अडकलेल्या गाड्या, मैलाच्या वर लांबीची कोळशाची गाडी, असं सगळं ऐकलं. आमची मुलगी दर्शना हसायची. म्हणायची, "आई, तुला आपल्या पंचायत समितीच्या सभापतीचं नाव ठाऊक नाही, पण शिकागोच्या फाट्याचं ठाऊक आहे."

मग गोष्ट गार्डाच्या डब्याशी आली, आणि घराचा सूरच बदलला.

अमेरिकेतही मालगाडीच्या शेवटी माणसांचा डबा असायचा. लाल रंगाचा. आत शेगडी, झोपायला बाक, वर उंच काचेची खिडकी, तिथं बसून सगळी गाडी दिसेल अशी. हे सांगताना ह्यांचा आवाज दुखरा झाला. आपल्या ब्रेकव्हॅनमध्ये काय असतं? पत्रा, लोखंडी बसायची जागा, आणि इगतपुरीचा वारा. "शेगडी गो, शेगडी! चहा करून पीत असतील." आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांपूर्वी कंपन्यांनी तो डबाच काढून टाकला. तिथली माणसं काही पुढं इंजिनात नेली, काही घरी पाठवली. शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालाच्या डब्याला, एक पेटी अडकवली. तिच्यात लुकलुकता दिवा, आणि ब्रेकचा दाब किती आहे ते ती इंजिनाला आपली आपण कळवते. तिथल्या कामगारांनी त्या पेटीला नाव ठेवलं फ्रेड.

"माणसाचं नाव!" हे ताटावरून उठलेच. "आमच्या जागेवर पेटी बसवली आणि तिला माणसाचं नाव!"

"आणि ते लाल डबे?"

"विकले. लोक बागेत ठेवतात. पैसे भरून त्यात मुक्कामाला जातात, हौस म्हणून."

"जन्मभर तुमी फुकट मुक्काम केला, बघा."

हे हसले नाहीत. कारण त्याच आठवड्यात दर्शनाला बोलावणं आलं होतं. तिनं रेल्वेची परीक्षा दिली होती, पास झाली होती, आणि तिला मिळाली होती तीच जागा: मालगाडीची ट्रेन मॅनेजर. सोमवारी भुसावळला प्रशिक्षणाला हजर व्हायचं.

ह्यांनीच तिला अभ्यासाला बसवलं होतं. ह्यांनीच गावात पेढे वाटले होते. आता हेच ओटीवर येरझारा घालत म्हणू लागले, "नको जाऊ. इकडं पण तसल्या पेट्या लावून बघतायत. तू शिकून उभी राहशील, आणि दहा वर्षांत तुझ्या जागी फ्रेड येईल. मग तू काय करशील? मुरबाडच्या पतपेढीत जागा हाय, तिथले साहेब बोललेत. दारातून एसटी, संध्याकाळी घरी."

"बाबा, पतपेढीत फ्रेड येणार नाय कशावरून?"

"तिथं पंखा तरी हाय."

"तुम्हाला पेटीचा राग आहे का माझी काळजी?"

"दोन्ही एकच हाय."

दोघंही एकाच हाडाची. वाद दोन दिवस ओटीवर चालला, एक दिवस परसात. शेवटी ह्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "तुझी आई सांगेल तसं. ती हो म्हणाली तर जा, मी ब्र काढणार नाय."

दर्शना म्हणाली, "मंजूर."

मला कोणी विचारलंच नाही, की बाई, तुला मंजूर आहे का.

ह्यांनी माझ्यावर टाकलं, कारण त्यांना वाटलं मी नाही म्हणणार. गार्डाच्या बायकोला काय ते ठाऊक असतं. ह्या माणसाचा डबा मी कुठल्याही वेळी भरला. सणाचं ताट झाकून ठेवलं आणि ते तसंच गाईला घातलं. दर्शना झाली तेव्हा हे कसाऱ्याला सिग्नलची वाट बघत होते. आणि दर्शनानं मान्य केलं, कारण तिला वाटलं मी हो म्हणणार. लहानपणी मी तिला माझ्या माहेरी, आटगावला, गाड्या बघायला बांधावर उभी करायची. गाडी गेली की ती रडायची आणि मी म्हणायची, "दुसरी येईल." तिला ते लक्षात आहे. मी मात्र तिथं कशाला उभी राहायची, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी गप्प राहिले. दोघांनी माझं गप्प राहणं आपापल्या सोयीनं धरलं, आणि मी मात्र घरभर फिरत राहिले. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. एकदा आम्ही नवरा-बायको दारात आपटलोच.

"तुला काय झालंय?" हे म्हणाले.

"तुमचंच लागलंय."

शनिवारी सकाळी हे म्हणाले, "चल पोरी, तुला दाखवतो. मोबाइलवर नाय, खरंच दाखवतो. उन्हाच्या वेळी मालगाडीच्या शेवटी कसं दिसतं ते बघ, आणि मग ठरव." मला म्हणाले, "तू पण चल. तुझ्या माहेरच्या बांधावरूनच दाखवतो."

शेजाऱ्यांची इको गाडी मागून घेतली. दर्शना चालवत होती, मी तिच्या शेजारी. हे मागच्या सीटवर, आणि तेही सरळ नाहीत. अर्धे वळून, मागच्या काचेतून बाहेर बघत. टोकावडे गेलं, सरळगाव गेलं, किन्हवलीच्या रस्त्याला लागलो तरी तसेच.

"बाबा, पुढं बघा ना. मान धरेल."

"पुढं तू बघतेस. मी बघून काय करू?"

"मागं काय आहे?"

"मागं सगळं ठीक हाय," हे म्हणाले. सवयीनं, ड्रायव्हरला कळवायचे तसं. दर्शनाच्या ओठाला हसू आलं. शहापूर मागं पडलं आणि आटगाव आलं.

माझा भाऊ देवजी वाशिंदला कारखान्यात आहे, त्याची पाळी होती. घरी वहिनी, अंबूबाई. पण घराला कडी. शेजारीण म्हणाली, ती पलीकडच्या तुकड्यात गेलीय. आमच्या माहेरची जमीन लाइनीनं दोन तुकडे झालेली. घराकडचा तुकडा मोठा, रुळांपलीकडचा लहान. मधे पाणी जायला एक दगडी मोरी आहे. गुरं आणि माणसं तिच्यातूनच येतात-जातात.

आम्ही अलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिलो. ऊन असं, की पायाखालची ढेकळं चपलेतून भाजत होती. आटगावला बाजूला घेऊन ठेवलेली एक मालगाडी मेल गेल्यावर नुकतीच सुटली होती आणि कसाऱ्याकडं निघाली होती. बंद वाघिणी, लांबच लांब. अजून वेग धरला नव्हता. एकेक वाघीण कण्हत पुढं जात होती.

"आता बघ," हे दर्शनाला म्हणाले. "शेवटी बघ. ह्या उन्हात पत्रा कसा तापतो माहितीय? चहा ठेवला तर होईल, शेगडीची गरज नाय. गाडी सिग्नलला अडकली की तासन् तास. शेजारी गाव नाय, झाड नाय. बोलायला कोण? ड्रायव्हर अर्धा मैल पुढं. त्याचा आवाज ऐकायचा, तोंड नाय बघायचं. एका ड्रायव्हरसोबत मी वर्षभर गाडी चालवली, आणि तो बाजारात माझ्या समोरून गेला तर..."

वाक्य तिथंच तुटलं.

हे वाघिणींच्या चाकांकडं बघत होते. मी पण बघितलं. चाकांमधून धूर निघत होता. करडा, जाड, जमिनीला धरून. एका वाघिणीखालून निघून तिच्याबरोबर पुढं सरकत होता, जसा तिलाच चिकटला होता.

"ब्रेक धरलाय," हे म्हणाले. "चाकाचा धुरा तापलाय. पेटणार."

आणि पळाले. गुडघ्याला पट्टा बांधणारा माणूस बांधावरून उडी मारून खडीच्या कडेपर्यंत गेला, आणि गाडीच्या शेपटाकडं तोंड करून दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले. रेल्वेत ही गाडी थांबवायची खूण.

तेवढ्यात वारा फिरला आणि मला वास आला.

शेण, पालापाचोळा, ऐनाचे टहाळे, वरून माती. हा वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, त्या राबाचा वास. वहिनी पलीकडच्या तुकड्यात राब भाजत होती! धूर मोरीतून इकडं येत होता, आणि गाडीचा वारा त्याला ओढून चाकांबरोबर नेत होता.

"अहो!" मी ओरडले. "वहिनीचा राब हाय तो! अहो, राब!"

पन्नास वाघिणी जाताना कोणाला काय ऐकू येणार? मला माझंच ऐकू येत नव्हतं. हे तसेच, हात वर. शेवटचा डबा जवळ आला. दारात एक मुलगी उभी होती, पांढरा शर्ट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिनं ह्यांना बघितलं. मग वॉकीटॉकी तोंडाशी नेली.

आधी पुढून, मग एकामागून एक वाघिणींचे धक्के येत येत गाडी थांबली. सगळीकडं इतकं शांत झालं, की तिच्या वॉकीटॉकीतला ड्रायव्हरचा आवाज आम्हाला बांधावर ऐकू आला.

"काय झालं मॅडम?"

"खाली धूर आहे म्हणून एकानं हात दाखवलाय. बघून येते."

"कोणी दाखवला?"

"शेतातल्या काकांनी."

"अहो मॅडम, शेतातले काका रोज हात दाखवतात!"

"दोन्ही हात दाखवले, सर. दोन्ही हात उगाच कोणी दाखवत नाही."

ती शिडीवरून खाली उतरली. पंचविशीची असेल. हातात आग विझवायचं लाल नळकांडं, चालताना एकेका चाकापाशी वाकायची, हाताची उलटी बाजू धुऱ्याजवळ धरायची. हे तिच्या मागं मागं.

"त्याच्या पुढची बघा. नाय नाय, तिच्याही पुढची. मी मोजली होती. पलीकडच्या बाजूनं पण बघा, ब्रेकचा ठोकळा..."

ती थांबली आणि वळली. "काका, मागे व्हा. लाइनपासून दूर उभे राहा."

"मी सांगतो ना, मला..."

"दूर, काका."

आणि हे दूर झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कोणी "सरक" म्हटल्यावर हा माणूस सरकलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मी तिला मोरीतून येणारा धूर दाखवला, तशी ती वाकून मोरीतून पलीकडं गेली. मागून मी आणि दर्शना. पलीकडं धुराच्या कडेला माझी वहिनी उभी, हातात ओला टहाळा, तोंडाला पदर. समोर थांबलेली आख्खी गाडी बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मावशी, हे तुमचं का?" त्या मुलीनं विचारलं.

"राब हाय बाय. दरसाली भाजतो. सासऱ्याच्या वेळेपासून." मग मला बघून तिला धीर आला. "वन्सं, ह्यांना सांगा ना गो! मी गाडीला काय केलं नाय. गाडी आपली आपण थांबली!"

ती मुलगी राबाकडं बघत राहिली. मग तिनं मोरीकडं जाणारा धूर बघितला आणि कपाळावरचा घाम पुसला. कपाळावर काळा पट्टा उमटला. ती हसली नाही, चिडलीही नाही. वॉकीटॉकीत म्हणाली, "सर, शेतातला धूर आहे. गाडी तपासली, ठीक आहे. दोन मिनिटांत निघू." पुढून ड्रायव्हर जे बोलला ते ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "हो सर. पुन्हा दिसला तर पुन्हा थांबवीन."

दर्शनानं तिच्यापुढं पाण्याची बाटली धरली. तिनं मान हलवली. "नको." मग बाटलीकडं बघत राहिली आणि एक छोटा घोट घेतला. ओठ फुटले होते तिचे.

माझ्याच्यानं राहवलं नाही. चार दिवस जो प्रश्न घेऊन मी घरभर फिरत होते, तो तिथंच तोंडातून बाहेर पडला.

"पोरी, नाव काय तुझं?"

"मनस्वी."

"मनस्वी, त्या डब्यात तू लघवीला कुठं जातेस गो?"

"आई!" दर्शना म्हणाली.

"कुठेच नाही, मावशी," ती म्हणाली. जणू मी रस्ता विचारला होता. "डब्यात सोय नाही. म्हणून पाणी कमी पिते. मग डोकं दुखतं, मग पिते. मग स्टेशन येईपर्यंत देव आठवते. आम्ही अर्ज दिलेत. बघू." मी हे का विचारतेय ते ओळखून तिनं दर्शनाकडं बघितलं. "तुम्ही येताय का आमच्यात?"

दर्शनानं माझ्याकडं बघितलं. मी राबाकडं बघितलं.

परत अलीकडं आलो तेव्हा हे बांधावर बसले होते. मनस्वी त्यांच्यासमोर गेली. "काका, राब होता."

"राब?"

"हो."

हे वैशाखऱ्याचे. लहानपणी डोक्यावरून टहाळ्यांचे भारे वाहिलेले. राबाच्या धुरातच ह्यांना अक्षरओळख झाली, असं सासूबाई सांगायच्या. त्या माणसाला धूर दिसला आणि राब आठवला नाही, धुरा आठवला. ह्यांच्या तोंडाकडं मला बघवेना.

"मी गार्ड होतो," हे खाली बघून म्हणाले. "कल्याणला."

ती पोरगी जरा सरळ उभी राहिली. "वाटलंच मला, सर. हात बघून."

"आता गाडी लेट झाली. तुमाला लिहून द्यावं लागेल. माझं नाव लिहा. देवराम..."

"धूर दिसला, थांबवली, तपासली, ठीक. एवढंच लिहिणार. नाव कशाला?" आणि ती निघाली. शिडी चढताना एकदा तिचा पाय घसरला, तिनं दांडा पकडला आणि आत गेली. गाडी हलली. आम्ही तिघं आणि मोरीतून आलेली वहिनी, चौघंही ती वळणाआड जाईपर्यंत उभे राहिलो.

पहिलं तोंड उघडलं ते वहिनीनं. "दाजी, तुमी माझ्या राबापायी गाडी थांबवली? उद्या मला पोलीस नेतील!"

"नाय नेणार, मामी."

"आणि नेलं तर भाकऱ्या कोण करील? तुझा मामा?"

घरी जाऊन तिनं चहा टाकला, पण तिचं पुटपुटणं चुलीपाशी चालूच होतं. आम्ही पडवीत. हे भिंतीला टेकून बसले होते. बसले होते म्हणजे खरोखर बसले होते, पाय पसरून. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

दर्शना म्हणाली, "बाबा, फ्रेडनं गाडी थांबवली नसती. त्याला हात दिसले नसते."

"नसतेच दिसले."

"मग?"

"मग काय? फ्रेडचंच बरोबर ठरलं असतं. आग नव्हती. गाडी वेळेवर गेली असती." ह्यांनी गुडघ्याचा पट्टा सैल केला. "मी असतो तरी थांबवली नसती गो."

"काय बोलता?"

"खरं बोलतो. लेट झाली की जाब विचारतात. शेतातला एक म्हातारा हात वर करतोय, पाणी मागत असेल, वेडा असेल, असं म्हटलं असतं आणि पुढं गेलो असतो. ती थांबली. खाली उतरली. प्रत्येक चाकाला हात लावून बघितला." ते माझ्याकडं वळले. "आणि मला म्हणाली, मागे व्हा."

"झालात की."

"झालो. बरोबर बोलत होती ती."

दर्शना माझ्याकडं बघत होती. सोमवार दोन दिवसांवर होता आणि तिनं अजून बॅगसुद्धा काढली नव्हती. मी बोलल्याशिवाय ती काढणार नव्हती, तिचा शब्द होता तसा. हेही बघत होते, पण आता त्यांना मी काय म्हणावं असं वाटत होतं, ते मला ओळखता येईना. बहुतेक त्यांनाही येत नव्हतं.

मला त्या पोरीचे फुटलेले ओठ दिसत होते. त्या बाटलीकडं बघणं दिसत होतं. मी तिची आई असते तर मला काय वाटलं असतं? आणि त्याच पोरीनं सगळी गाडी थांबवून, ड्रायव्हरची बोलणी खाऊन, "पुन्हा थांबवीन" म्हटलं होतं तेही दिसत होतं. पतपेढीच्या पंख्याखाली बसलेली दर्शना मी डोळ्यांपुढं आणून बघितली. ती तिथं मला दिसली. उठून दारापर्यंत जाताना दिसली, परत येताना दिसली, पुन्हा दारापर्यंत जाताना. आमच्या घरात तसली दोन माणसं आधीच होती.

"जा," मी म्हणाले.

दर्शना हललीच नाही. "काय?"

"जा म्हणते. सोमवारी जा. पण पाणी पीत जा. पाणी पी, आणि सोय नाय म्हणून रोज भांड. एकटीनं नाय, त्या मनस्वीला घेऊन भांड. आणखी असतील त्यांना घेऊन. डोकं दुखवून घेऊन घरी आलीस तर मी ऐकायची नाय."

"आणि दहा वर्षांनी पेटी आली तर?" हे म्हणाले. पण आवाजात आता वाद नव्हता. खरंच विचारत होते, जसं मला ठाऊकच असणार.

"आली तर तेव्हा तीच ठरवील काय करायचं ते. ऑरोरावाल्यांनी काय आधी विचारलं होतं का कोणाला?"

दर्शना उठली आणि आत मामीकडं गेली. आतून मामीचा आवाज आला, "रडतेस कशाला गो, धूर गेला का डोळ्यात?" आणि मग दोघींचं काहीतरी कुजबुजणं.

ते ऐकून मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता माहेरी आले आणि गाडीचा आवाज आला, की मी पदराला हात पुसत पुन्हा त्याच बांधावर जाणार, शेवटचा डबा बघायला, हे मला तिथंच कळलं.

हे माझ्याकडं बघत होते. भिंतीला टेकलेले, पाय पसरलेले, हात मांडीवर पडलेले.

"आणि मी काय करू?" ते म्हणाले.

"तुमी?" मी चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली. "चहा प्या. आणि मोरीतून पलीकडं जाऊन वहिनीचा राब बघा. वाऱ्याचं काय सांगता येत नाय. पूर्ण विझेपर्यंत उभे राहा."

त्यांनी चहा एका घोटात संपवला, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि निघाले. अंगणाच्या तोंडाशी जाऊन परत वळले.

"ओला टहाळा कुठं ठेवलाय, विचार तिला."

"मोरीच्या तोंडाशी!" वहिनी आतून ओरडली. "आणि दाजी, गाडी आली तर हात खाली ठेवा!"